बॅटरी सारखी उतरते, दोष कोणाचा?

(गाडी चालवणाऱ्या आणि चालवायला शिकणाऱ्या मैत्रिणींच्या परळ येथील शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

शिबिर घेणाऱ्या मैत्रिणींनी मला विषय दिला होता, 'स्त्री आणि तंत्रज्ञान'. एवढा मोठा विषय मला पेलवणारा नाही. मी म्हटलं, मला मोटारीच्या बॅटरीवर बोलू द्या. त्या हसल्या. पण लगेच त्यांच्यातल्याच दोघींनी विचारलं, "अगं, आमची बॅटरी सारखी उतरते, ते कशानं होतं?" तेव्हा विषय ठरला.

मी लालबागची. वडील गिरणीत वायरमन होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढे काय झालं ते इथल्या घराघराला माहीत आहे. संप लांबला तेव्हा वडिलांनी बॅटऱ्या चार्ज करून द्यायचं दुकान टाकलं. एक चार्जर, एक लाकडी बाक आणि ॲसिडनं भोकं पडलेला एक ॲप्रन, एवढंच भांडवल. शाळा सुटली की मी त्या बाकावर बसून आकडे लिहून घ्यायची. आज ते दुकान मी चालवते. गिऱ्हाईक अजूनही आत डोकावून विचारतं, "शेठ कुठे आहेत?" मी म्हणते, "बोला."

आज एका मैत्रिणीच्या गाडीची हकीगत सांगत सांगत पुढे जाऊ या. तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. दादरला राहते. फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं, अर्धांगवायू झालेले पेशंट, यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. आज परळ, उद्या गिरगाव, परवा माटुंगा. स्वतःच्या कमाईतून तिनं जुनी छोटी गाडी घेतली. चौदा महिन्यांत तिच्या गाडीला तीन वेळा बॅटरी बदलावी लागली. एक वॉरंटीत मिळाली, दोन पैसे भरून. गॅरेजवाला दर वेळी एकच वाक्य बोलायचा, "मॅडम, बॅटरी गेली, नवीन टाका." आणि घरी निकाल लागला होता, "बाईच्या हाती गाडी टिकत नाही. विकून टाक, टॅक्सीनं जा." ती माझ्याकडे आली ती चौथी बॅटरी घ्यायला. मी म्हटलं, बॅटरी विकणं माझा धंदाच आहे, पण आधी मोजू या.

बॅटरी गेली आणि बॅटरी उतरली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या बोलण्यातलं एवढंच लक्षात राहिलं तरी पुष्कळ. उतरलेली बॅटरी पुन्हा भरता येते. आणि ती का उतरली हे शोधलं नाही, तर तिच्या जागी आणलेली नवीही उतरतेच. एखादी बाई सारखी थकते म्हणून आली की टॉनिकची बाटली देऊन परत पाठवायची, तिच्या ताटात काय उरतं आणि ती किती तास राबते हे विचारायचंच नाही, तसलाच हा प्रकार.

थोडं मागचं सांगते. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचं ॲसिड यांवर चालणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये केली. आपल्या गाडीतली तिचीच नात. आत सहा कप्पे असतात, एकेक कप्पा दोन व्होल्टांहून थोडा जास्त, मिळून बारा. सुरुवातीच्या मोटारींना इंजिन सुरू करायला समोर लोखंडी हँडल असायचं. ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. गाडी बाईचं काम नाही, असं म्हणायला तेव्हा लोकांना ते एक हँडल पुरे व्हायचं. म्हणून अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या मोटारी बायकांसाठी म्हणून विकत असत. पेट्रोल मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड, त्याची बायको क्लारा स्वतः विजेची मोटार चालवायची! मग चार्ल्स केटरिंग यांनी विजेवरचा स्टार्टर केला. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला आणि हँडल गेलं. म्हणजे बॅटरीनं आपल्याला गाडीत बसवलं असं म्हणायला हरकत नाही. पण बोनेटखालचं ज्ञान मात्र पुरुषांकडेच राहिलं. डोरोथी लेव्हिट या इंग्लंडमधल्या मोटार शर्यतीतल्या बाई. त्यांनी १९०९ मध्येच बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं, त्यात गाडीची निगा कशी राखायची तेही सांगितलं. आपण शंभरावर वर्षांनी तेच पान पुढे वाचतो आहोत.

आता मुद्द्यावर. चाळीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. सकाळी नळाला पाणी नाही. कारणं तीनच असू शकतात. टाकीच फुटकी आहे. किंवा पंप पाणी वर चढवत नाही. किंवा रात्रभर कुणाचा तरी नळ चालू राहिला. बॅटरी म्हणजे टाकी, अल्टरनेटर म्हणजे पंप. इंजिन चालू असताना पट्ट्यावर फिरून तो वीज करतो आणि बॅटरी भरतो. आणि गाडी बंद असताना जे काही वीज पीत राहतं तो चालू राहिलेला नळ. गॅरेजवाला फक्त टाकी बदलत होता. पंप आणि नळ कुणी पाहिलेच नव्हते.

हत्यारं काय लागतात? एक मल्टिमीटर. लॅमिंग्टन रोडला साधा मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. एक दहा नंबरचा पाना, बहुतेक गाड्यांच्या टर्मिनलला तोच लागतो. रबरी हातमोजे, जुना टूथब्रश, स्वयंपाकघरातला खायचा सोडा आणि व्हॅसलिन. हातातल्या बांगड्या, अंगठी, लोंबणारं मंगळसूत्र काढून ठेवा. हे मी धर्माविरुद्ध बोलत नाही. धन टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये धातू आला की तो क्षणात लालबुंद तापतो, कातडी जाते.

पहिलं काम डोळ्यांचं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का? आपल्याकडे समुद्राची खारी हवा, गिरगाव चौपाटीच्या बाजूला रात्रंदिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. क्लॅम्प हातानं हलवून पाहा. हलला तर तो सैल आहे. पुष्कळदा रोग एवढाच असतो, वीज आहे पण वाट अडलेली आहे. आधी ऋण टोकाची वायर काढा, मग धन टोकाची. कोमट पाण्यात सोडा कालवून ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा. बसवताना धन आधी, ऋण शेवटी. नंतर अल्टरनेटरचा पट्टा पाहा. सैल असेल, तडे गेले असतील किंवा गाडी सुरू करताना किंचाळत असेल, तर पंप नीट फिरत नाही.

दुसरं काम वहीचं. गाडी कधी सुरू होत नाही, ते तारीख-वार घालून लिहा. माझ्या मैत्रिणीनं तीन महिन्यांचं लिहून काढलं, तर जवळजवळ सगळे सोमवार निघाले. शनिवारी दुपारी गाडी उभी करायची, रविवार सुट्टी, सोमवारी सकाळी टक् टक् टक्. अशी नोंद हाती आली की अर्धा शोध लागला. रोज वापरताना चालते आणि उभी राहिली की उतरते, म्हणजे संशय नळावर. वापरून आल्यावरही उतरते, म्हणजे संशय पंपावर. भरून एकटी ठेवली तरी उतरते, म्हणजे टाकीच फुटकी.

तिसरं काम मीटरचं. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, सकाळी किल्ली फिरवायच्या आधी, मीटर वीस व्होल्टच्या डीसी खुणेवर ठेवा. लाल टोक धनाला, काळं ऋणाला. १२.६ दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली रिकामीच समजा. "बारा व्होल्टची बॅटरी आहे, बारा दाखवते, म्हणजे ठीक," असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. बाराला ती तीन हिस्से रिकामी असते, हे त्यांना सांगा.

मैत्रिणीच्या गाडीत त्या सोमवारी ११.९ होतं. आम्ही बॅटरी काढून दुकानात आणली, कमी प्रवाहावर रात्रभर चार्ज केली आणि दोन दिवस तशीच बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी १२.६. म्हणजे एकटी ठेवली तर तिच्यातून काही गळत नव्हतं. पुन्हा गाडीत बसवली, एकीनं किल्ली मारली, दुसरीनं मीटर पाहिला. स्टार्टर फिरताना आकडा १०.४ पर्यंत उतरला आणि परत वर आला. भरलेली बॅटरी या वेळी साडेनऊच्या खाली कोसळली तर ती आतून थकली आहे असं समजावं. ही थकलेली नव्हती. टाकी सुटली.

मग पंप. इंजिन चालू ठेवून त्याच दोन टोकांवर मोजा. १३.८ ते १४.५ मध्ये आकडा हवा. साडेतेराच्या पुढे गेलाच नाही तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा लागेल. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, तो बॅटरी उकळून मारील. तिच्या गाडीत १४.१ होतं. दिवे, पंखा, एसी सगळं लावलं तेव्हा १३.६. पंपही सुटला.

राहिला नळ. ही तपासणी गॅरेजवाले सहसा करत नाहीत, कारण वेळ लागतो आणि विकायला काही मिळत नाही. गाडी बंद करा, दारं लावा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा. मीटरची लाल वायर दहा ॲम्पिअरच्या भोकात घाला. ऋण टोकाचा क्लॅम्प काढा आणि मीटर मध्ये जोडा, एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरं काढलेल्या वायरीला. आता गाडी जे काही पिते ते मीटरमधून जातं. या वेळी गाडी सुरू करायची नाही, दिवे लावायचे नाहीत, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. वीस-तीस मिनिटं थांबा, कारण हल्लीच्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मग आकडा वाचा. घड्याळ, लॉक, कॉम्प्युटरची आठवण यांसाठी ०.०२ ते ०.०५ ॲम्पिअर जाणं साहजिक आहे. त्याहून बरंच जास्त असेल तर कुणीतरी पितं आहे. काम झाल्यावर लाल वायर आठवणीनं परत व्होल्टच्या भोकात घाला. तशीच राहिली आणि पुढच्या वेळी तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात, तर सरळ शॉर्टसर्किट होईल.

हिशेब बघा. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ ॲम्पिअर-तासांची. डिकीतला पाच वॉटचा दिवा जळत राहिला तर तो तासाला ०.४ ॲम्पिअर-तास खातो. दोन रात्री आणि मधला दिवस, म्हणजे छत्तीस तासांत चौदा-पंधरा गेले. आधीच अर्धवट भरलेली बॅटरी एवढ्यानं आडवी होते. उलट काहीही बिघाड नसलेली गाडीही जास्त उभी राहिली तर उतरते. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी होती तेव्हा गिरगावच्या गल्ल्यांत गाड्या दोन-दोन महिने हलल्या नाहीत. ०.०३ ॲम्पिअर साठ दिवस म्हणजे ४३ ॲम्पिअर-तास. बॅटरीत होते पस्तीस. त्या वर्षी किती जणांनी चांगल्या बॅटऱ्या भंगारात दिल्या असतील!

मैत्रिणीच्या गाडीत आकडा आला ०.२५. दहापट म्हणायला हरकत नाही. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ बेचाळीस तास, म्हणजे साडेदहा ॲम्पिअर-तास. बाकीचे दिवस तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, निम्मा वेळ सिग्नलला, एसी चालू. त्यात टाकी पुरती कधी भरतच नव्हती. आणि अर्धीमुर्धी राहणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण पापुद्रा धरतो, ती काही महिन्यांत खरोखरच मरते. तीन बॅटऱ्या अशा गेल्या होत्या.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर. दिव्यांचा काढला, रेडिओचा काढला, लॉकचा काढला. आकडा हलेना. सगळे फ्यूज काढून झाले तरी ०.२२ उरलंच. याचा अर्थ पिणारं जे कुणी आहे ते फ्यूजच्या पेटीतून येतच नाही. एक तर अल्टरनेटरमधला डायोड गळतो किंवा कुणीतरी थेट बॅटरीवरून वायर घेतली आहे. धन टोकाच्या क्लॅम्पवरचं प्लॅस्टिकचं टोपण उचललं. खाली एक बारीक लाल वायर, नवी चिकटपट्टी गुंडाळलेली. ती रबराच्या भोकातून डॅशबोर्डच्या मागे जात होती. टोकाला आगपेटीएवढी काळी डबी, आत सिमकार्ड, एक दिवा लुकलुकणारा.

गाडी कुठे आहे हे दुसऱ्याच्या फोनवर दाखवणारं ते यंत्र होतं. तिनं बसवलेलं नव्हतं. दिरानं बसवून घेतलं होतं, नवऱ्याला माहीत होतं. स्वस्तातला माल, नेटवर्क शोधत रात्रंदिवस जागा राहणारा. मैत्रिणींनो, नीट ऐका. तिच्यावर नजर ठेवणारी वस्तूच तिची बॅटरी पीत होती, आणि बॅटरी उतरते म्हणून तिलाच गाडी विकायला सांगत होते.

त्या दिवशी आम्ही ते तोडलं नाही. फोटो काढले, वायर कुठून कुठे जाते ते लिहून तारीख घातली, आणि ती घरी गेली. दोन दिवसांनी, बहिणीला शेजारी बसवून तिनं विचारलं. उत्तर आलं, "काळजीपोटी." ती म्हणाली, "काळजी होती तर सांगून बसवायचं." मग तिनं ते काढायला लावलं. पुढचं तिच्या घरचं आहे, ते मी सांगणार नाही. त्याला दोन वर्षं झाली, गाडीत तीच बॅटरी आहे. कुणाला असं काही सापडलं तर घाईनं उपटू नका. ते बंद पडलं की बसवणाऱ्याला कळतं, आणि तेव्हा तुम्ही कुठे आणि कुणाबरोबर असाल याचा विचार आधी करायला हवा. नोंद करा, आणि आपल्या वकील मैत्रिणींशी बोला. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मारहाणीबरोबर मानसिक छळही धरतो.

प्रत्येक गळतीमागे पाळत असते असं मात्र मनात धरू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत कारण साधं असतं. नंतर बसवलेला स्टीरिओ, दारं लावल्यावरही न विझणारा दिवा, चोरघंटा, सदा जागा असलेला कॅमेरा, गळका डायोड. हिंदमाताला पाणी तुंबलं आणि गाडी त्यातून काढली की अल्टरनेटरमध्ये आणि वायरींच्या जोडांत पाणी शिरतं, ते आठवड्या-दोन आठवड्यांनी बाधतं. आणि उष्णता. आपल्या हवेत बॅटरी तीन-चार वर्षं चालली तर तिनं नोकरी पुरी केली असं समजा. पाच वर्षांच्या बॅटरीत चोर शोधत बसू नका. विजेवरच्या गाडीत हे नसतं असंही नाही, त्यातल्या बहुतेकींत दिवे-कॉम्प्युटरसाठी वेगळी बारा व्होल्टची बॅटरी असते, ती उतरली तर अख्खी गाडी हटून बसते.

रात्रीची पाळी संपवून केईएममधून बाहेर पडलात आणि गाडी सुरू झाली नाही, तर? जंपर केबल डिकीत ठेवा. दुसरी चालू गाडी जवळ घ्या, पण एकमेकींना चिकटवू नका. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला. काळी केबल चांगलीच्या ऋणाला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. त्याच कारणानं बॅटरीत पाणी किती आहे ते काडी ओढून बघायचं नाही. सुरू झाली की उलट क्रमानं काढा. धक्का मारून सुरू करायची जुनी रीत पद्मिनी टॅक्सीत चालायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनीही टॅक्सीच्या धंद्यातून गेली. हल्लीच्या गाड्या अगदी रिकाम्या बॅटरीवर धक्क्यानं सुरू होत नाहीत, आणि ऑटोमॅटिक गिअरची तर नाहीच. रात्री चार अनोळखी माणसांना धक्का मारायला बोलावण्यापेक्षा केबल बरी.

आता ॲसिड. बॅटरीच्या पाण्यात साधारण तिसरा हिस्सा गंधकाचं ॲसिड असतं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तेही खुणेपर्यंत. ॲसिड घरी कधीच लागत नाही. मे २०१३ मध्ये कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला आलेल्या प्रीती राठीवर वांद्रे टर्मिनसवर ॲसिड फेकलं, १ जूनला ती गेली. त्याच वर्षी जुलैत लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं सुट्या ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्र आणि कारण नोंदवल्याशिवाय द्यायचं नाही, अठराच्या आतल्याला तर नाहीच. आमच्या दुकानात आम्ही सुटं ॲसिड विकणंच बंद केलं. तुमच्या वस्तीतल्या दुकानात नोंदवही आहे का, ते विचारा. विचारायचा हक्क आहे.

जुन्या बॅटरीचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. शिसं पोटातल्या गर्भापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या मेंदूला त्याची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. चार पैसे जास्त देतो म्हणून रस्त्यावरच्या फेरीवाल्याला बॅटरी देऊ नका, ती कुठल्यातरी वस्तीत फोडली जाते आणि तिचा धूर तिथल्या बायका-मुलं घेतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांची आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या आणि बिलात तिची वजावट दाखवायला सांगा.

शेवटी गॅरेजमध्ये काय बोलायचं ते. "गाडी सुरू होत नाही, बघा ना," असं म्हणायचं नाही. म्हणायचं, "सकाळी अकरा पॉइंट नऊ होतं, इंजिन चालू असताना चौदा पॉइंट एक आहे, उभी असताना पाव ॲम्पिअर जातं. गळती शोधून द्या." आकडा ऐकला की समोरच्याची भाषा बदलते, हे मी बाकावर बसून किती वर्षं पाहते आहे. "साहेबांना पाठवा," म्हणाला तर, "गाडी माझी आहे," एवढंच. चांगला कारागीर अशा बाईवर रागावत नाही, त्याचं निम्मं काम तुम्ही करून आणलेलं असतं. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या, बिल घ्या, तारीख घाला.

बोलणं खूप झालं. चहा आला आहे. खाली अंगणात चार गाड्या उभ्या आहेत, त्यांतली एक मुद्दाम उतरवून ठेवली आहे. टेबलावर पाच मीटर आहेत. चार-चार जणींचे गट करा, बांगड्या काढा, वही बरोबर घ्या. ज्या कधी बोनेट उघडलं नाही म्हणतात, त्यांनी आधी या.